रिसीव्हर, टेलिमेट्री आणि फ्लाइट कंट्रोलर: काय कशाशी जुळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतः ड्रोन जोडणाऱ्याचा सर्वांत जास्त वेळ खाते ती रिसीव्हर (रेडिओचा सिग्नल घेणारा भाग) आणि फ्लाइट कंट्रोलर (ड्रोन चालवणारा बोर्ड) यांच्यामधली जेमतेम चार इंचांची वायर. मोटर फिरतात, कॅमेरा दिसतो, पण स्टिक हलवली तरी पडद्यावर काही हलत नाही. किंवा स्टिक चालतात आणि रेडिओवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर, बॅटरीचं व्होल्टेज काही येत नाही. ड्रोनकडून अशी परत येणारी माहिती म्हणजे टेलिमेट्री. गोव्यात हा छंद आणि धंदा करणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक चाचणी प्रॉपेलर काढूनच करायची, हे पुढे पुन्हा सांगणार नाही.

माझा रेडिओ आणि माझा फ्लाइट कंट्रोलर एकमेकांना जुळतात का?

असं विचारलं की उत्तर देता येत नाही, कारण रेडिओ फ्लाइट कंट्रोलरशी थेट बोलतच नाही. मध्ये तीन वेगळे दुवे आहेत. पहिला हवेतला: रेडिओचं मॉड्यूल आणि रिसीव्हर. इथे दोन्हींची जात एकच लागते. एक्सप्रेसएलआरएसला एक्सप्रेसएलआरएस, क्रॉसफायरला क्रॉसफायर, फ्लायस्कायला फ्लायस्काय. दुसरा वायरवरचा: रिसीव्हर आणि फ्लाइट कंट्रोलर. इथे एसबस, आयबस, सीआरएसएफ असे प्रोटोकॉल चालतात आणि त्यांचा हवेतल्या जातीशी थेट संबंध नसतो. उदाहरणार्थ, एक्सप्रेसएलआरएसचा रिसीव्हर हवा असल्यास एसबससुद्धा देतो. तिसरा दुवा परतीचा: फ्लाइट कंट्रोलर आपली माहिती कोणत्या भाषेत रिसीव्हरला देतो, आणि रेडिओचं सॉफ्टवेअर ती वाचतं का.

दुकानदार 'हो, चालेल' म्हणतो ते बहुधा दुसऱ्या दुव्याबद्दल असतं. तिसऱ्याबद्दल त्याला स्वतंत्रपणे विचारा.

वायरवरचे प्रोटोकॉल थोडक्यात सांगाल का?

पीडब्ल्यूएममध्ये प्रत्येक चॅनेलला वेगळी वायर आणि १००० ते २००० मायक्रोसेकंदांचा पल्स. आजचे बहुतेक क्वाड-बोर्ड तो घेतच नाहीत. पीपीएममध्ये साधारण आठ चॅनेल एकामागोमाग एकाच वायरवर येतात. दोन्हींत टेलिमेट्री नाही.

एसबस फुताबाचा. वेग १,००,००० बॉड (सेकंदाला इतके बिट), सिग्नल उलटा म्हणजे इन्व्हर्टेड, २५ बाइटची फ्रेम, १६ चॅनेल आणि वर दोन चालू-बंद चॅनेल. तो एकतर्फी आहे, म्हणजे टेलिमेट्रीसाठी वेगळी वायर. आयबस फ्लायस्कायचा: १,१५,२०० बॉड, सरळ सिग्नल, ३२ बाइटची फ्रेम, १४ चॅनेल. स्मार्टपोर्ट ही फ्रीस्कायची फक्त टेलिमेट्रीची वायर: ५७,६०० बॉड, उलटी, आणि एकाच तारेवर जा-ये. एफपोर्ट म्हणजे एसबस आणि स्मार्टपोर्ट एकाच तारेत, १,१५,२०० बॉडवर.

सीआरएसएफ क्रॉसफायरसाठी आला आणि एक्सप्रेसएलआरएसनेही तोच उचलला. साधारण ४,२०,००० बॉड, सरळ सिग्नल, जायला एक आणि यायला एक अशा दोन तारा, १६ चॅनेल आणि टेलिमेट्री दोन्ही त्यातच. नवीन जोडणी करत असाल तर हाच घ्या. बाकीचे प्रोटोकॉल हाती जुना रेडिओ असेल तरच.

'इन्व्हर्टेड' म्हणजे काय, आणि एफ४ बोर्डवरच एवढा घोळ का होतो?

साध्या सिरीयल लाइनवर काही चाललेलं नसतं तेव्हा तार ३.३ व्होल्टवर असते. उलट्या सिग्नलमध्ये ती शून्यावर असते, आणि एक-शून्याची पूर्ण अदलाबदल झालेली असते. एसबस आणि स्मार्टपोर्ट असे उलटे आहेत.

बोर्डवरच्या एसटीएम३२ चिपच्या एफ७ आणि एच७ पिढीत यूआर्ट (चिपचा सिरीयल पोर्ट) सिग्नल आतल्या आत उलटवू शकतो. एफ४०५ आणि एफ४११ मध्ये ती सोय नाही. म्हणून एफ४ बोर्ड बनवणारे एका ठरावीक यूआर्टच्या आरएक्स (येणाऱ्या सिग्नलच्या) पॅडआधी एक छोटा इन्व्हर्टर बसवतात आणि त्या पॅडवर 'एसबस' छापतात. या पॅडवर एसबस चालतो. सीआरएसएफ किंवा आयबस तिथे जोडलात तर सरळ सिग्नल उलटा होऊन चिपला मिळतो आणि बीटाफ्लाइट या फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमधला रिसीव्हर टॅब मुका राहतो. रिसीव्हर बाइंड झालेला (रेडिओशी जोडी जमलेला), दिवा स्थिर, आणि तरीही पट्ट्या हलत नाहीत, अशी तक्रार एफ४ वर असेल तर पहिल्यांदा सोल्डर कुठल्या पॅडवर आहे ते बघा.

स्मार्टपोर्टची एफ४ वर अडचण आणखी मोठी, कारण तिथे जाताना आणि येताना दोन्हीकडे उलटवावं लागतं. बोर्डवर 'स्मार्टपोर्ट' असा वेगळा पॅड नसेल तर रिसीव्हरच्या इन्व्हर्टरआधीच्या जागेवरून सरळ सिग्नल काढण्याची जुनी युक्ती वापरतात. आर-एक्सएसआरसारख्या रिसीव्हरवर तो बारीक पॅड असतो. बारीक टिप आणि चांगला फ्लक्स नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. पॅड उखडला की रिसीव्हर गेला.

बीटाफ्लाइटमधली 'सिरीयल आरएक्स इन्व्हर्टेड' ही सेटिंग ऑन ठेवायची की ऑफ?

तिचं नाव फसवं आहे. ऑन म्हणजे 'माझा सिग्नल उलटा आहे' असं नाही. ऑन म्हणजे 'या प्रोटोकॉलची जी नेहमीची दिशा असते, तिच्या विरुद्ध धर'. एसबस मुळातच उलटा, ते बीटाफ्लाइटला ठाऊक आहे. म्हणून साध्या एसबससाठी ही ऑफ. एफ४ वर एफपोर्टचा सरळ केलेला सिग्नल जोडला असेल तर ऑन, आणि सोबत 'हाफ डुप्लेक्स' (एकाच तारेवर जा-ये) ऑन. एफ७ वर तोच एफपोर्ट थेट जोडला तर इन्व्हर्टेड ऑफ, हाफ डुप्लेक्स ऑन. सीआरएसएफसाठी दोन्ही ऑफ.

एकतारी प्रोटोकॉल यूआर्टच्या टीएक्स (जाणाऱ्या सिग्नलच्या) पॅडवर जोडतात, आरएक्सवर नाही, हेही लक्षात ठेवा. एसबस मात्र आरएक्सवर.

एक्सप्रेसएलआरएस रिसीव्हर जोडण्याच्या पायऱ्या काय?

१. चार तारा: ५ व्होल्ट, ग्राउंड, रिसीव्हरचा टीएक्स फ्लाइट कंट्रोलरच्या आरएक्सला, रिसीव्हरचा आरएक्स फ्लाइट कंट्रोलरच्या टीएक्सला. दोन्ही पॅड एकाच क्रमांकाच्या यूआर्टचे हवेत. आरएक्स २ आणि टीएक्स ३ असं चालत नाही. बोर्डवर '४व्ही५' छापलेला पॅड असेल तर तो घ्या, यूएसबीवरही त्यात वीज असते.

२. बॅटरी लावण्याआधी मल्टीमीटरने ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात बीप वाजत नाही ना ते तपासा. पहिली बॅटरी स्मोक स्टॉपरमधूनच (शॉर्ट असल्यास करंट रोखणारं साधन) लावा.

३. रेडिओ आणि रिसीव्हर दोन्हींत एकच बाइंडिंग फ्रेज (जोडीचा परवलीचा शब्द) भरा. फ्रेज माहीत नसलेला रिसीव्हर तीनदा चालू-बंद केला की बाइंड मोडमध्ये जातो, मग रेडिओवरच्या एक्सप्रेसएलआरएसच्या लुआ स्क्रिप्टमधून (सेटिंगच्या मेनूमधून) बाइंड दाबा. आवृत्तीचा पहिला आकडा दोन्हीकडे सारखा लागतो. २ आणि ३ मालिका एकमेकांना ओळखत नाहीत.

४. बीटाफ्लाइटच्या पोर्ट्स टॅबमध्ये त्या यूआर्टसमोर 'सिरीयल आरएक्स' चालू करा. त्याच ओळीतला टेलिमेट्रीचा रकाना 'डिसेबल्ड'च ठेवा. टेलिमेट्री हवी म्हणून तिथेही काहीतरी निवडायचं ही नेहमीची चूक. सीआरएसएफची टेलिमेट्री त्याच यूआर्टवरून आपोआप जाते.

५. रिसीव्हर टॅबमध्ये सिरीयल रिसीव्हर आणि सीआरएसएफ निवडा, आणि 'टेलिमेट्री' हा खटका चालू करा. सेव्ह करून बोर्ड पुन्हा सुरू करा.

६. स्टिक हलवून बघा. मध्य १५०० आणि टोकं साधारण ९८८ व २०१२ यायला हवीत. थ्रॉटल हलवल्यावर रोलची पट्टी हलली तर चॅनेलचा क्रम चुकलाय. एईटीआर आणि टीएईआर यांतला योग्य तो निवडा.

७. आर्मचा (मोटर सुरू होऊ देणारा) स्विच पाचव्या चॅनेलवर, म्हणजे ऑक्स १ वर ठेवा. एक्सप्रेसएलआरएस हा चॅनेल फक्त चालू किंवा बंद एवढाच पाठवतो, पण प्रत्येक पॅकेटमध्ये पाठवतो. म्हणून तिथे तीन टप्प्यांचा स्विच लावण्यात अर्थ नाही.

८. शेवटी मुख्य बॅटरी लावून एजटीएक्समध्ये (रेडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये) मॉडेलच्या टेलिमेट्री पानावर 'डिस्कव्हर न्यू' दाबा. जीपीएस असेल तर हे काम मोकळ्या आकाशाखाली करा.

काल चाललं, आज रिसीव्हर रेडिओशी जोडलाच जात नाही. बाइंड गेलं का?

बहुधा नाही. वीज मिळाल्यावर साधारण ६० सेकंद रेडिओ सापडला नाही तर एक्सप्रेसएलआरएसचा रिसीव्हर वाय-फाय मोडमध्ये जातो आणि दिवा भराभर लुकलुकतो. मग रेडिओ लावला तरी तो ऐकत नाही. ड्रोनची वीज काढून पुन्हा लावा, रेडिओ आधी चालू करा. यूएसबीवर सेटिंग करत बसलं की हे हमखास होतं.

टेलिमेट्री येते, पण स्टिक हलवून काही होत नाही. असं कसं?

मॉडेल मॅच बघा. रेडिओतल्या मॉडेलचा रिसीव्हर क्रमांक आणि रिसीव्हरमध्ये साठलेला क्रमांक वेगळे असतील तर रिसीव्हर जोडला जातो, टेलिमेट्रीही पाठवतो, पण फ्लाइट कंट्रोलरला चॅनेल देत नाही. दिवा तीनदा लुकलुकून थांबतो, ही त्याची खूण. चुकीचं मॉडेल निवडून ड्रोन उडू नये म्हणूनच ही सोय आहे. बरोबर मॉडेल निवडा, किंवा त्या मॉडेलवर मॅच पुन्हा चालू करा.

मॉडेल मॅच ठीक असेल तर रिसीव्हरच्या टीएक्सपासून फ्लाइट कंट्रोलरच्या आरएक्सपर्यंतची तार तपासा. तीच तुटलेली असते आणि परतीची शाबूत.

आणि उलटं? स्टिक चालतात, टेलिमेट्री नाही?

कारणं याच क्रमाने तपासा. रिसीव्हर टॅबमधला टेलिमेट्रीचा खटका बंद आहे. फ्लाइट कंट्रोलरच्या टीएक्सची तार सुटली आहे, किंवा तो टीएक्स दुसऱ्याच यूआर्टचा आहे. लुआ स्क्रिप्टमध्ये टेलिमेट्री रेशो 'ऑफ' आहे. सेन्सर शोधलेच नाहीत.

एक सोपी परीक्षा: रेडिओवर आरक्यूएलवाय (लिंक क्वालिटी) आणि १आरएसएस (सिग्नलचा जोर) दिसतात, पण व्होल्टेज आणि जीपीएस दिसत नाहीत का? मग हवेतला दुवा ठणठणीत आहे. आधीचे दोन आकडे रिसीव्हर स्वतःच बनवतो, नंतरचे फ्लाइट कंट्रोलरकडून यावे लागतात. दोष वायरीत किंवा बीटाफ्लाइटच्या सेटिंगमध्ये आहे, अँटेना बदलून काही होणार नाही.

फक्त जीपीएसच नसेल तर बीटाफ्लाइटमध्ये जीपीएस चालू केलाय का बघा. त्याला स्वतःचा यूआर्ट लागतो, आणि एफ४११ च्या छोट्या बोर्डांवर बहुधा दोनच यूआर्टचे पॅड बाहेर काढलेले असतात. एक रिसीव्हरला, एक डिजिटल व्हीटीएक्सला (व्हिडिओ ट्रान्समीटरला), आणि जीपीएसला जागाच उरत नाही. जीपीएस लावायचा असेल तर पहिल्यापासून एफ४०५ किंवा एफ७२२ घ्या.

टेलिमेट्री रेशो किती ठेवावा?

हवेतला वेळ मर्यादित आहे. परतीला जेवढे पॅकेट द्याल तेवढे स्टिकचे कमी होतात. २५० हर्ट्झवर एक्सप्रेसएलआरएसचा 'स्टँडर्ड' रेशो १:६४ आहे, म्हणजे सेकंदाला जेमतेम चार पॅकेट परत येतात, आणि प्रत्येकात टेलिमेट्रीचे पाचच बाइट मावतात. जीपीएसची सीआरएसएफ फ्रेम हेडर धरून १९ बाइटची. त्यात बॅटरी, मोड आणि लिंकची माहिती मध्ये घुसणार. म्हणजे जागेचा आकडा दोन-तीन सेकंदांनी बदलला तर तो बिघाड समजू नका.

शर्यतीला स्टँडर्ड पुरे. लांब जायचं, व्होल्टेज आणि जागा वेळेवर हवी असेल तर १५० हर्ट्झ आणि १:१६ किंवा १:८ घ्या. 'जास्त हर्ट्झ म्हणजे जास्त चांगलं' हा समज सोडा. २.४ गिगाहर्ट्झवर ५०० हर्ट्झची संवेदनशीलता उणे १०५ डीबीएम, २५० ला उणे १०८, १५० ला उणे ११२ आणि ५० हर्ट्झला उणे ११५. वेग वाढवला की पल्ला कमी होतो.

उडताना 'टेलिमेट्री लॉस्ट' असं रेडिओ बोलतो. ड्रोन हातातून गेलं का?

नाही, पण वळायची वेळ झाली असं समजा. मॉड्यूलची शक्ती २५० मिलीवॉट किंवा जास्त असते. छोट्या रिसीव्हरची त्याच्या मानाने फारच थोडी. म्हणून परतीची वाट आधी तुटते आणि स्टिकची नंतर. अगदी जवळ असतानाही हे ऐकू येत असेल तर रिसीव्हरची अँटेना तपासा. कार्बनच्या फ्रेमला चिकटवलेली, बॅटरीखाली दबलेली किंवा अँटेनाचा यूएफएल कनेक्टर अर्धवट बसलेला, यांपैकी एक काहीतरी सापडेलच.

डायनॅमिक पॉवर वापरत असाल तर टेलिमेट्री बंद करू नका. परत आलेल्या आकड्यांवरूनच मॉड्यूल आपली शक्ती कमीजास्त करतं.

आरएसएसआय बघायचा की लिंक क्वालिटी?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कामांसाठी. लिंक क्वालिटी म्हणजे शंभरातले किती पॅकेट पोचले. ती बराच वेळ शंभरावर राहते आणि मग एकदम कोसळते. आरएसएसआय, म्हणजे सिग्नलचा जोर, डीबीएममध्ये हळूहळू उतरतो, म्हणून किती अंतर शिल्लक आहे ते त्यावरून कळतं. २५० हर्ट्झवर मर्यादा उणे १०८ असेल तर उणे ९८ ला परत फिरा. लिंक क्वालिटीचा अलार्म ७० वर लावा. ती ५० च्या खाली गेल्यावर विचार करत बसायला वेळ नसतो.

रेडिओ १५.६ ऐवजी ३.९ व्होल्ट दाखवतो.

सरासरी सेलचं व्होल्टेज पाठवण्याची सेटिंग चालू आहे. चार सेलच्या पॅकला १५.६ भागिले ४ म्हणजे ३.९. एजटीएक्समधला अलार्म मात्र पूर्ण पॅकच्या आकड्यावर लावलेला असेल तर तो उड्डाणभर ओरडत राहील. दोन्हीकडे एकच पद्धत ठेवा. आणि एफएम (उड्डाण मोडच्या) सेन्सरमध्ये मोडच्या नावामागे * दिसला तर घाबरू नका, ड्रोन आर्म नाही एवढंच तो सांगतो.

माझ्याकडे फ्लायस्कायचा एफएस-आय६ आहे. टेलिमेट्री मिळेल का?

मिळेल, मर्यादेत. आयए६बी रिसीव्हरवर आयबसचे दोन सॉकेट आहेत: 'सर्व्हो' आणि 'सेन्सर'. सर्व्होची तार फ्लाइट कंट्रोलरच्या आरएक्सला. सेन्सरची तार वेगळ्या यूआर्टच्या टीएक्सला, आणि पोर्ट्स टॅबमध्ये त्या यूआर्टच्या टेलिमेट्री रकान्यात आयबस. डायोड-रेझिस्टर लावून दोन्ही एकाच यूआर्टवर आणता येतं, पण यूआर्ट शिल्लक असेल तर ती खटपट नको. मूळ फर्मवेअरमध्ये सहाच चॅनेल मिळतात. शिकायला ठीक आहे, पण नवीन पैसे यात घालू नका.

आर्डूपायलटवर सीआरएसएफ लावताना काय बदलतं?

आर्डूपायलट हे बीटाफ्लाइटसारखंच फ्लाइट कंट्रोलरचं दुसरं सॉफ्टवेअर. जिथे रिसीव्हर जोडलाय त्या सिरीयल पोर्टचा प्रोटोकॉल २३ करा, म्हणजे आरसी इनपुट. आरसी प्रोटोकॉल्स १ ठेवला तर सगळे तपासले जातात, ५१२ केला तर फक्त सीआरएसएफ. त्या पोर्टचे ऑप्शन्स शून्य. आरएसएसआय टाइप ३.

आरसी ऑप्शन्समध्ये एक्सप्रेसएलआरएसच्या ४,२०,००० बॉडसाठी ८१९२ मिळवायचे, आणि यापू या रेडिओवरच्या टेलिमेट्री स्क्रिप्टला लागणाऱ्या पासथ्रू टेलिमेट्रीसाठी २५६. इथे चूक होते ती आधीची किंमत पुसून टाकण्याची. हा बिटमास्क आहे, त्यात बेरीज करायची असते. आधी ३२ असेल तर ३२ + २५६ + ८१९२ = ८४८०.

फ्रीस्कायचा स्मार्टपोर्ट एफ७ किंवा एच७ बोर्डला थेट जोडत असाल तर प्रोटोकॉल १० आणि ऑप्शन्स ७. सात म्हणजे आरएक्स उलटा १, टीएक्स उलटा २ आणि हाफ डुप्लेक्स ४.

मॅव्हलिंक आणि ही टेलिमेट्री एकच का?

नाही. सीआरएसएफची टेलिमेट्री रेडिओच्या पडद्यासाठी आहे: व्होल्टेज, जागा, मोड. मॅव्हलिंक ही ग्राउंड स्टेशनची, म्हणजे जमिनीवरच्या लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरची भाषा. मिशन चढवणं, पॅरामीटर बदलणं, नकाशावर उड्डाण बघणं हे तिच्यात चालतं. बीटाफ्लाइटवर तिचा उपयोग थोडा, आर्डूपायलट आणि पीएक्स४ तिच्यावरच उभे आहेत.

नेहमीची जोडणी म्हणजे ५७,६०० बॉडवर सिक या टेलिमेट्री रेडिओची जोडी. दोन्हींचा नेट आयडी सारखा आणि पोर्टचा प्रोटोकॉल २. दोन रेडिओ एकमेकांना दिसतात, हिरवा दिवा स्थिर आहे, पण ग्राउंड स्टेशन पॅरामीटर घेत नाही, अशा वेळी बॉड रेट दोन्ही टोकांना ५७,६०० (आर्डूपायलटमध्ये ५७) आहे का ते बघा.

एक्सप्रेसएलआरएस ३.५ पासून मॅव्हलिंक त्याच दुव्यावरून नेता येतं. लुआमध्ये लिंक मोड मॅव्हलिंक करा, फ्लाइट कंट्रोलरचा पोर्ट प्रोटोकॉल २ आणि बॉड ४६० (म्हणजे ४,६०,८००), आरएसएसआय टाइप ५. रेशो आपोआप १:२ होतो. लॅपटॉप मॉड्यूलच्या वाय-फायला जोडून यूडीपी १४५५० वर ऐकायचं. एक रेडिओ वाचतो, पण स्टिकसाठीचा दुवा आणि मिशनचा दुवा एकच होतो. पैसे घेऊन शेताचं किंवा इमारतीचं सर्वेक्षण करत असाल तर दोन वेगळे दुवे ठेवावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

परदेशातून ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल आणलंय. चालेल?

तांत्रिकदृष्ट्या चालेल, पण भारतात तो परवानामुक्त पट्टा नाही. मोबाइल फोनचा ८९० ते ९१५ हा पट्टा त्याला खेटून आहे. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ मोकळा, आणि एक्सप्रेसएलआरएसमध्ये त्यासाठी भारताचा वेगळा पर्याय आहे. तो फर्मवेअर चढवताना निवडा, आणि मॉड्यूल व रिसीव्हर दोन्हींवर. एकच बदललात तर बाइंड होणार नाही. कोऱ्या पाटीवर सुरुवात असेल तर २.४ गिगाहर्ट्झ घ्या: अँटेना छोटी, भाग सहज मिळतात.

मांडवीवर किंवा समुद्रावर लिंक क्वालिटी मध्येच खाली का जाते? वाटेत तर काहीच नसतं.

वाटेत काही नसतं, पण खाली आरसा असतो. शांत खाऱ्या पाण्यावरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीत मिसळते आणि काही ठरावीक अंतरांवर दोन्ही एकमेकींना खोडतात. उंची पाच-दहा मीटर बदलली की खड्डा निघून जातो. पाण्याला घासून लांब जाऊ नका. पणजीत नदीकाठी कॅसिनोंची जहाजं आणि हॉटेलं यांच्या २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायची गर्दी वर असते ती वेगळीच.

माडांच्या आणि कुळागरांच्या बाबतीत कारण वेगळं. ओली पानं २.४ गिगाहर्ट्झ शोषतात. पाऊस पडत असताना पावसाच्या थेंबांनी फारसं बिघडत नाही, पण पावसानंतर निथळणारी झाडी पल्ला बराच खाते. सत्तरी किंवा सांगेच्या बाजूला उडवताना स्वतः उघड्या सड्यावर उभे राहा. उंची मिळाली की निम्मं काम होतं.

किनाऱ्यावरची खारी हवा रिसीव्हरला खरंच बाधते का?

बाधते, आणि सुरुवात यूएफएल कनेक्टरपासून होते. हिरवट थर धरला की पल्ला हळूहळू घटतो आणि दोष अँटेनावर जातो. बोर्डवर सिलिकोनचं कन्फॉर्मल कोटिंग द्या, पण बॅरोमीटरचं छिद्र, यूएसबी सॉकेट, बटणं आणि यूएफएल यांवर टेप लावून मगच. समुद्रात पडलंच तर आधी बॅटरी काढा, लगेच गोड्या पाण्याने भरपूर धुवा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने. वाळवायचं म्हणून तसंच उन्हात ठेवलं तर मीठ आतच राहतं.

फर्मवेअर चढवताना बोर्ड डीएफयूमध्ये जात नाही.

डीएफयू म्हणजे यूएसबीवरून फर्मवेअर घेण्याचा मोड. रिसीव्हर किंवा जीपीएसची तार काढून बघा. एसटीएम३२ चा बूटलोडर काही यूआर्टवरही कान लावून असतो. तिथे कोणी बोलत असेल तर तो यूएसबीकडे वळतच नाही. केबल फक्त चार्जिंगची नाही ना, हेही तपासा.

फेलसेफ कुठे ठरवायचा, रिसीव्हरमध्ये की फ्लाइट कंट्रोलरमध्ये?

फेलसेफ म्हणजे सिग्नल गेल्यावर ड्रोनने काय करायचं ते. निर्णय फ्लाइट कंट्रोलरचा. रिसीव्हरने फक्त सिग्नल गेल्याचं कळवायचं. जुन्या फ्रीस्काय रिसीव्हरमध्ये 'होल्ड' निवडलं असेल तर तो शेवटच्या स्टिक तशाच पाठवत राहतो, फ्लाइट कंट्रोलरला सगळं आलबेल वाटतं आणि ड्रोन थ्रॉटल धरून निघून जातं. तिथे 'नो पल्सेस' निवडा. सीआरएसएफचा रिसीव्हर दुवा तुटला की फ्रेम पाठवणंच बंद करतो.

बीटाफ्लाइटचा मूळ पर्याय 'ड्रॉप' आहे: मोटर बंद, ड्रोन खाली. लोकांच्या डोक्यावर उडवायचं नसल्यामुळे तो तसा योग्यच. जीपीएस रेस्क्यू (सिग्नल गेल्यावर ड्रोन आपोआप परत आणणारा पर्याय) लावायचा असेल तर किमान ८ उपग्रह मिळाल्याशिवाय आर्म करू नका, आणि रेडिओ बंद करून जमिनीवर एकदा चाचणी घ्या.

गोव्यात कुठे उडवता येतं?

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. विमानतळाच्या कुंपणापासून ५ किलोमीटर लाल क्षेत्र, ५ ते ८ पिवळं, ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत हिरवं. आपल्याकडे दोन विमानतळ आहेत. दाबोळीवर नौदलाचा हंसा तळही आहे, त्यामुळे चिखली, बोगमाळो हा भाग विसरा. मोपा सुरू झाल्यापासून पेडण्यातही तीच सावधगिरी. उडवण्याच्या दिवशी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

ड्रोन शेतात पडलं, दिसत नाही. टेलिमेट्रीची मदत होईल?

रेडिओ बंद करू नका. शेवटचा जीपीएस आकडा टेलिमेट्रीच्या पानावर राहतो. आधी त्याचा फोटो काढा. मग आकडा कोणत्या पद्धतीत आहे ते बघा. एजटीएक्स अंश-मिनिटं-सेकंद दाखवू शकतो किंवा दशांश. १५ अंश २९ मिनिटं ३० सेकंद म्हणजे दशांशात १५.४९१७. तेच १५.२९३० असं नकाशात टाकलंत तर पणजीला पडलेलं ड्रोन मडगावच्या बाजूला शोधत फिराल.

बॅटरी अजून लागलेली असेल तर १आरएसएस बघत चाला. आकडा उणे ९० वरून उणे ६० कडे सरकला की जवळ आलात. भाताच्या उभ्या पिकात अगदी जवळ पोचल्यावर रेडिओची शक्ती कमीत कमी करा, नाहीतर सगळीकडे सारखाच जोरदार सिग्नल दिसतो. मग बीपरचा स्विच दाबा आणि खाजनाच्या बांधावर उभं राहून कान द्या.